धारचा भोज आणि अन्नद्वेष

धार व देवासच्या पवारांनी ज्या परमार कुळाशी आपले नाते सांगितले, त्यातील राजा भोज अकराव्या शतकात धारेस राज्य करीत होता. योगसूत्रांवरील आपल्या वृत्तीच्या आरंभी तो म्हणतो, की व्याकरण, योग व वैद्यक यांवर ग्रंथ रचून आपण वाणी, चित्त व देह यांचे मळ दूर केले. राजाची प्रौढी बाजूला ठेवली, तरी चित्त आणि देह यांचा त्याने एकत्र विचार केला, हे थोडे नव्हे. अन्न नकोसे होणे, म्हणजे अरोचक, याच्या कारणांत चरकानेही शोक, भय व क्रोध गणले होते.

अन्न टाकून झिजणाऱ्या तरुणींचा आजार मात्र निराळा. त्यात पुष्कळदा भूक असते, पण वजन वाढण्याच्या धास्तीने घास नाकारला जातो. पॅरिसचे लासेग व लंडनचे गल यांनी तो १८७३ साली वर्णिला. पुढे १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहिले. ते चिडखोर, उदास झाले. अन्नावाचून त्यांना दुसरे काही सुचेना. पोटभर मिळू लागल्यावरही सावरण्यास कित्येक महिने गेले. उपासमारच मन पालटते, हे त्यावरून उमगले. म्हणूनच ‘हट्ट सोड, जेव’ हा घरचा उपदेश वाया जातो. आज डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहार बेताबेताने वाढवतात आणि मानसोपचारात आईबापांनाही सामील करून घेतात.