उंच इमारतींतील नळांचा अतिरिक्त दाब : कारणे व उपाय

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील नागरिकांचे पाण्याविषयीचे गाऱ्हाणे बहुधा एकच असते. पाणी कमी दाबाने येते. त्यामुळे ‘आमच्या नळाला दाब फार आहे’ अशी तक्रार ऐकली तर नवल वाटावे. तथापि घोडबंदर मार्ग, माजिवडा किंवा कल्याणमधील खडकपाडा अशा भागांतील उंच इमारतींच्या खालच्या मजल्यांवर ही अडचण खरोखरच उद्भवू शकते. नळ वारंवार गळणे, जोडनळी फुटणे आणि शेजाऱ्याच्या छतावर ओल उतरणे यांमागे अनेकदा हेच कारण असते.

दाब येतो कोठून?

भातसा आणि उल्हास या नद्यांचे पाणी शहरात पोहोचले, तरी महापालिकेच्या वाहिनीतील दाबावर उंच इमारतीच्या माथ्यापर्यंत पाणी चढत नाही. म्हणून ते जमिनीखालील टाकीत साठवून पंपाने गच्चीवरील टाकीत चढवले जाते आणि तेथून गुरुत्वाकर्षणाने घरोघरी उतरते. नळातील दाब ठरतो तो या गच्चीवरील टाकीच्या उंचीवरून. म्हणजेच अतिरिक्त दाबाचे मूळ रस्त्यावरील वाहिनीत नसून इमारतीच्या स्वतःच्या रचनेत आहे. त्याचा उपायही त्यामुळे इमारतीतच करावा लागतो.

हिशेब सोपा आहे. पाण्याच्या 10 मीटर उंचीमागे सुमारे 1 बार दाब निर्माण होतो. मजल्याची उंची 3 मीटर धरली, तर प्रत्येक मजल्यामागे 0.3 बार दाब वाढतो. डोंबिवलीतील रामनगर अथवा ठाण्यातील नौपाडा येथील तळमजला अधिक चार मजल्यांच्या जुन्या इमारतीत सर्वांत खालच्या नळाला जेमतेम दीड बार दाब मिळतो; तेथे हा प्रश्नच नाही. मात्र 25 मजली इमारतीत एकच सरळ उभी वाहिनी खाली आणली, तर दुसऱ्या मजल्यावर सुमारे 7 बार दाब येतो. त्याच इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर मात्र अर्धा बारही कष्टाने मिळतो व तेथे दाब वाढवणारा पंप लावावा लागतो.

किती दाब योग्य?

घरातील नळ, शॉवर आणि फ्लश टाकी यांच्यासाठी 3 ते 3.5 बार ही सोयीची वरची मर्यादा मानता येईल. अमेरिकेतील प्लंबिंगच्या नियमांत 80 पीएसआय, म्हणजे सुमारे 5.5 बारपेक्षा अधिक स्थिर दाब असल्यास दाब कमी करणारी झडप बसवणे आवश्यक असते. त्या देशात चाकांवरील घर घेऊन फिरणारे पर्यटक मुक्कामाच्या तळावरील नळाला आपली नळी जोडताना तोंडाशीच दाबनियामक लावतात. तो बहुधा 40 ते 50 पीएसआय, म्हणजे 3 बारच्या आसपास ठेवतात. वाहन असो वा सदनिका, तत्त्व एकच. नाजूक जोडण्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच दाब आवरावा.

परिणाम कोणते?

दाब चौपट झाला की नळातून पडणारे पाणी साधारण दुप्पट होते. म्हणजे टंचाईच्या शहरात पाण्याची विनाकारण नासाडी होते. नळ झटकन बंद केल्यावर भिंतीत ठोका ऐकू येतो. वेगाने धावणारे पाणी एकाएकी थांबल्याने बसणारा तो धक्का असतो. वॉशर लवकर झिजतात, फ्लशची टाकी अखंड झिरपते. सर्वाधिक धोका असतो तो वॉश बेसिनखालील लवचीक जोडनळीला आणि जेट स्प्रेच्या नळीला. घर बंद असताना यांपैकी एखादी फुटली, तर तासाभरात खालच्या घराचीही हानी होते.

कॉक अर्धा फिरवणे पुरेसे नाही

अनेक जण अँगल कॉक अर्धा बंद करून समाधान मानतात. ही समजूत चुकीची आहे. त्याने केवळ वाहत्या पाण्याचा ओघ कमी होतो. सर्व नळ बंद असताना पाणी स्थिर होते आणि अर्धवट उघड्या कॉकपलीकडेही पूर्ण दाब पोहोचतो. नळ्या बहुधा रात्री किंवा घरी कोणी नसताना फुटतात, त्याचे एक कारण हेच होय. जेट स्प्रेचा कॉक वापरानंतर पूर्ण बंद करणे मात्र निश्चितच हितावह आहे.

खरा उपाय

प्रथम दाब मोजावा. वॉशिंग मशीनच्या नळाला दाबमापक जोडून घरातील सर्व नळ बंद ठेवावेत आणि पहाटे, वापर कमी असताना, नोंद घ्यावी. दाब 4 बारच्या वर आढळल्यास ‘पीआरव्ही’ या नावाने ओळखली जाणारी दाब कमी करणारी झडप बसवावी. तिच्यात स्प्रिंग आणि पडदा असतो. पुढील बाजूचा दाब ठरलेल्या पातळीला पोहोचताच पडदा उचलला जाऊन मार्ग बंद होतो. त्यामुळे स्थिर पाण्यातही दाब मर्यादेत राहतो. झडपेवरील बाण प्रवाहाच्या दिशेने असावा, तिच्या आधी गाळणी आणि दोन्ही बाजूंना बंद करण्याचे कॉक असावेत, पुढे दाबमापक असावा. गाळणी वेळोवेळी साफ केली नाही, तर कचरा अडकून झडप नीट मिटत नाही आणि दाब हळूहळू पुन्हा चढतो.

नव्या उंच इमारतींत काही मजल्यांचे गट पाडून प्रत्येक गटाला स्वतंत्र झडप देतात किंवा मधल्या मजल्यावर दुसरी टाकी ठेवतात. घर घेताना ही व्यवस्था आहे काय, हे अवश्य विचारावे.

गीझरबाबत दक्षता

गीझर घेताना त्यावर लिहिलेली दाबक्षमता पाहावी. ती इमारतीतील दाबापेक्षा अधिक असली पाहिजे. पाणी 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापवल्यास सुमारे दीड टक्का प्रसरण पावते. झडपेमुळे ते मागे सरकू शकत नसल्याने गीझरची सुरक्षा झडप थोडे पाणी सोडते. हा दोष नव्हे. ते थेंब थांबवण्यासाठी झडपेचे तोंड बंद करणे अत्यंत धोक्याचे आहे.

खर्च कोणाचा?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक जलवाहिन्यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने, तर सदनिकेतील शौचालय, सिंक आदींच्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती सदस्याच्या खर्चाने होते. उभ्या वाहिनीवरील दाब हा सामाईक विषय असल्याने खालच्या मजल्यावरील रहिवाशांनी दाबाची लेखी नोंद व्यवस्थापक समितीपुढे ठेवावी आणि विषय सर्वसाधारण सभेत आणावा. वारंवार नळ बदलण्यापेक्षा आणि शेजाऱ्याशी ओलीवरून वाद घालण्यापेक्षा योग्य जागी बसवलेली एक झडप केव्हाही स्वस्त पडते.