दुष्काळ, कोळसा आणि घाटाखालचा मुलूख

१८९६ च्या एप्रिल महिन्यात स्वान्ते अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर पृथ्वीचे तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल, असे गणित त्याने मांडले होते. त्याच वर्षी वऱ्हाडात पावसाने लवकर पाठ फिरविली आणि दुष्काळी कामे उघडावी लागली. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही. तो दुष्काळ कोळशाच्या धुराने पडला, असे आम्ही म्हणत नाही. तथापि हवामानबदल रोखावा की त्याच्याशी जुळवून घ्यावे, हा आजचा वाद कानी आला की ते वर्ष हटकून आठवते. रोखण्याचे शास्त्र शीतकटिबंधात जन्मले. जुळवून घेण्याचे ओझे खडी फोडणाऱ्या हातांवर आले.

मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे हे बुलढाणा जिल्ह्याच्या 'घाटाखालच्या' मुलखातील गाव. काळी जमीन, कापसाचे पीक, पावसावर भरवसा. १८६० नंतरच्या दशकात रेल्वे मलकापुरावरून नागपूरकडे गेली आणि १८७० साली खामगावच्या कापूसपेठेपर्यंत तिचा फाटा पोहोचला. त्या गाड्यांतून वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे लँकेशायरच्या गिरण्यांकडे जाऊ लागला. त्या गिरण्या कोळशावर चालत, गाड्याही कोळशावरच. म्हणजे जो धूर पुढे जगाला तापविणार होता, त्यात आमच्या मुलखाचा धागा प्रथमपासूनच गुंतलेला होता. फक्त नफ्याचा वाटा दुसरीकडे गेला.

१८९९ साली पाऊस जवळजवळ आलाच नाही. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडात आधीच्या दुष्काळाहून भीषण ठरला. रेल्वेने धान्य आणता येत होते. ते विकत घेण्याची ऐपत मजुराजवळ नव्हती. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर सरकारने दुष्काळसंहिता तयार केल्या होत्या, त्याप्रमाणे कामे निघाली, मोजून मजुरी दिली गेली. जुळवून घेण्याची ही सरकारी रीत पुढे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने अधिक माणुसकीने हाताळली आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. काम मागणे ही याचना न राहता हक्क झाला. हा फरक लहान नव्हे.

येथे योसेफाची कथा आठवल्यावाचून राहत नाही. सात सुकाळाच्या वर्षांत कोठारे भरणारा योसेफ हा जुळवून घेणाऱ्यांचा जणू आदिपुरुषच. परंतु उत्पत्तीच्या पुस्तकातील पुढचा अध्याय प्रवचनांतून क्वचितच ऐकू येतो. धान्यासाठी मिसरी लोकांनी आधी पैसा दिला, मग गुरे, मग जमिनी, आणि अखेर स्वतःला फारोच्या स्वाधीन केले. कोठार भरले होते, माणसे वाचली, पण किल्ली कोणाच्या हाती होती?

ती किल्ली गावाच्या हाती देण्याचा एक प्रयत्न आपल्याच ख्रिस्तसभेतील एका धर्मगुरूने केला. फादर हर्मन बाखर हे स्विस येशूसंघीय १९४८ साली भारतात आले आणि अहमदनगर जिल्ह्यात (आताच्या अहिल्यानगरात) शेतकऱ्यांमध्ये राबले. विहिरी खोदून भागत नाही, आधी डोंगर हिरवा झाला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या पुढाकाराने जर्मन सरकारच्या साहाय्याचा इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. १९९३ साली 'वॉटर' ही संस्था स्थापन झाली. काम माथ्यापासून पायथ्याकडे, अट अशी की गावाने श्रमदान करावे, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावी. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारखे उजाड गाव त्यातून सावरले. बाखर २०२१ साली निवर्तले. जुळवून घेणे म्हणजे शरण जाणे नव्हे, हे त्यांच्या कामाइतके स्पष्ट क्वचितच कोणी दाखविले असेल.

परंतु समतल चर पडलेल्या पावसालाच अडवतो. पाऊस महिनाभर दडी मारून एका रात्रीत कोसळू लागला, की चरही फुटतात आणि मातीही जाते. म्हणूनच 'जुळवून घ्या' एवढेच सांगणारा सल्ला आम्हास अपुरा, आणि सधन देशांच्या तोंडी तर अन्यायाचा वाटतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात दाखवून दिले की, हवामानबदलाचा मोठा फटका ज्यांना बसतो, त्या गरिबांपाशीच जुळवून घेण्याची साधने नाहीत. २०२३ च्या 'लाउदाते देउम'मध्ये त्यांनी नुसती ठिगळे लावण्याच्या वृत्तीलाही सुनावले.

रोखण्याचे काम मात्र केवळ परक्यांचे, असे म्हणून आपली सुटका नाही. घाटाखालच्या मुलखाच्या एका बाजूस भुसावळजवळचे दीपनगर, दुसऱ्या बाजूस अकोला जिल्ह्यातील पारस. दोन्ही ठिकाणी कोळशावर वीज होते. शेतातला मोटरपंप त्याच विजेच्या जाळ्यावर चालतो. सौरपंपाची चर्चा म्हणून शहरी हौस ठरत नाही.

आता मोताळा तालुक्यातील नळगंगा धरणाचे नाव एका प्रचंड योजनेस जोडले गेले आहे. गोसीखुर्दचे पाणी सुमारे ४२६ किलोमीटर कालव्यांनी पश्चिम विदर्भात आणणाऱ्या वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली. खर्चाचा अंदाज ८७ हजार कोटींहून अधिक. पाणी यावे, असे कोणास वाटणार नाही? पण वैनगंगेच्या खोऱ्यातही पाऊस आजच्यासारखाच पडत राहील, हे या योजनेत गृहीत आहे; आणि कालव्याच्या शेपटाकडील गावास पाणी केव्हा, किती व कोणाच्या हुकमाने मिळेल, हे ठरायचे आहे.