एका टिंबाचा इतिहास

परवा लॅबमधल्या एका ज्युनिअरने विचारलं, "बिल्ड हिरवा आला, म्हणजे झालं ना?" त्याला एक्सझेड युटिल्सची गोष्ट सांगितली. फायली दाबून लहान करणारं हे सॉफ्टवेअर जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं.

एकच कोड लिनक्स, मॅक, विंडोज सगळीकडे चालवायचा, तर बांधणीआधी चाचपणी होते: अमुक सोय इथे आहे का? त्यासाठी चार ओळींचा नमुना कंपाइल करून बघतात. झाला तर 'आहे', नाहीतर 'नाही'. 'नाही'ला कुणी चूक धरत नाही, कारण एखादी सोय एखाद्या प्लॅटफॉर्मवर नसणारच. मेख इथेच आहे.

२६ फेब्रुवारी २०२४ ला 'जिया टान' नावाने वावरणाऱ्या मेंटेनरने सीमेकच्या अशाच एका नमुन्यात, एका ओळीवर एकटं टिंब टाकलं. नमुना कंपाइल होईना. त्यामुळे लिनक्सवरचं लँडलॉक हे संरक्षण गुपचूप बंद, आणि बांधणी मात्र बिनतक्रार पूर्ण! स्क्रीनवर धूळ बसलीय असं वाटावं, एवढंच ते टिंब.

२९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड यांनी याच प्रकल्पातला मोठा चोरदरवाजा जाहीर केला. तोही सापडला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे शोधताना. मग जुने बदल तपासले गेले आणि दुसऱ्याच दिवशी टिंब काढलं गेलं.

ज्युनिअरला त्याचाच हिरवा लॉग उघडायला लावला. 'नॉट फाउंड' सात वेळा. पाचांची कारणं सापडली, उरलेल्या दोनांवर अजून बसलोय.