झेनो कोलो : वेग आणि नियम

पर्वताचा उतार आणि बलाढ्य प्रतिस्पर्धी या दोहोंवर ज्यानें मात केली, त्यास अखेर नियमपुस्तकांतील एका कलमानें रोखलें, अशा एका खेळाडूची हकीकत आज सांगावयाची आहे. त्याचें नांव झेनो कोलो.

इटलीच्या तोस्काना प्रांतांत, अपेनाइन पर्वतावर आबेतोने नांवाचें गांव आहे. त्या परिसरांत १९२० सालीं कोलोचा जन्म झाला. पायांस लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाणें, म्हणजेच स्की, ही विद्या त्यानें तेथेंच आत्मसात केली. तो ऐन विशींत आला, तेव्हां दुसरें महायुद्ध पेटलेलें होतें. १९४० व १९४४ सालचे ऑलिंपिक सामने रद्द झाले. युद्धाच्या उत्तरार्धांत तर त्यास स्वित्झर्लंडमध्यें स्थानबद्धतेंत राहावें लागलें. खेळाडूच्या आयुष्यांतील उमेदीचीं वर्षें अशीं निघून गेलीं.

परंतु कोलो खचला नाहीं. १९४७ सालीं चेर्विनिया येथें त्यानें ताशीं १५९.२९२ किलोमीटर वेग गाठून विक्रम केला, आणि तोहि डोक्यावर शिरस्त्राण नसतां! १९५० सालीं अमेरिकेंतील ॲस्पेन येथें जागतिक स्पर्धा झाल्या. सरळ उतरणीच्या शर्यतींत वेगाची व धैर्याची परीक्षा असते. स्लॅलममध्यें रोवलेल्या काठ्यांमधून वळणें घेण्याच्या चपळाईची. आणि महास्लॅलममध्यें दोन्ही गुणांची. कोलोनें उतरणीचें व महास्लॅलमचें सुवर्णपदक जिंकलें आणि स्लॅलममध्यें रौप्यपदक मिळविलें. पुढें १९५२ च्या ऑस्लो ऑलिंपिकमध्यें, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, त्यानें उतरणीची शर्यत २ मिनिटें ३०.८ सेकंदांत जिंकली. या क्रीडाप्रकारांतील इटलीचें तें पहिलें ऑलिंपिक सुवर्णपदक होय.

यानंतर दोनच वर्षांनीं त्याच्यावर बंदी आली. त्याचा अपराध कोणता? स्कीचे बूट व कपडे यांच्या विक्रीसाठीं त्यानें आपलें नांव वापरूं दिलें होतें. तत्कालीन दंडकानुसार खेळाडू निव्वळ हौशी असावा लागे. कीर्तीचा मोबदला घेतला कीं तो धंदेवाईक ठरे. या दंडकामागें खेळाचें पावित्र्य राखण्याचा हेतु होता, हें मान्य केलें पाहिजे. परंतु घरचा सुखवस्तु मनुष्य वर्षानुवर्षें हौसेनें खेळूं शकतो. ज्यास पोटासाठीं कमवावें लागतें, त्यानें काय करावें, याचें उत्तर त्या दंडकांत नव्हतें.

विरोधाभास असा कीं, १९५६ सालीं कोर्तिना येथें ऑलिंपिक भरलें, तेव्हां शर्यतींत उतरण्यास अपात्र ठरलेल्या याच कोलोच्या हातीं ऑलिंपिकची ज्योत देण्यांत आली. ज्योत वाहण्यास तो पवित्र, परंतु धांवण्यास अपवित्र! १९७२ सालीं साप्पोरो येथें ऑस्ट्रियाच्या कार्ल श्रान्त्सलाहि याच दंडकाखालीं वगळण्यांत आलें. पुढें तो दंडक हळूहळू शिथिल होऊन कालबाह्य झाला, आणि आज नामांकित खेळाडू उघडपणें जाहिरातींचा मोबदला घेतात. कोलोवरील कलंक मात्र १९८९ सालीं दूर झाला. १९९३ सालीं तो निवर्तला.

आबेतोनेच्या डोंगरावरील स्कीच्या वाटांना आज 'झेनो' हें नांव आहे. ज्या कलमानें त्याची कारकीर्द संपविली तें राहिलें नाहीं. त्याच्या वाटा राहिल्या. नियम खेळासाठीं असावेत कीं खेळाडू नियमांसाठीं, हा प्रश्न त्या वाटा आजहि विचारीत आहेत.