हिरवळीची निगा : अवजारे व यंत्रे

बंगल्याचे आवार, गृहसंकुल, शाळा, मैदान वा सार्वजनिक बाग यांतील गवत ठरावीक उंचीवर राखण्यासाठी, कडा छाटण्यासाठी, जमीन सपाट करण्यासाठी आणि पालापाचोळा गोळा करण्यासाठी वापरली जाणारी साधने. खुरपे, विळा, दाताळे, खराटा, झारी आणि कात्री ही हाताची अवजारे. लॉनमोवर, ब्रश कटर (बोलीत ‘ग्रास कटर’) आणि रूळ ही यंत्रे, असा त्यांचा साधारण पसारा असतो. दुकानात विक्रेता आधी इंजिनाची ताकद सांगतो. हिरवळीचे बरेवाईट मात्र पात्याची धार, कापणीची उंची आणि यंत्र कोणत्या गवतावर चालणार आहे, या तीन गोष्टींवर ठरते.

गवताचा स्वभाव : बहुतेक झाडांची वाढ शेंड्याकडून होते, गवताचे पाते मात्र बुडाकडून वाढते. म्हणूनच वरून कापले तरी ते मरत नाही, उलट बाजूला नवे फुटवे काढते आणि हिरवळ दाट होते. या सहनशक्तीला मर्यादा आहे. एका वेळी पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये, हा जगभरच्या माळ्यांचा नियम आहे. हिरवळ ३ सेंमी. राखायची असेल तर ती ४.५ सेंमी.पर्यंत पोचली की कापावी. महिनाभर वाढू देऊन एकदम खरडली तर पिवळे खुंट उघडे पडतात आणि मुळे खंगतात.

महाराष्ट्रात हिरवळीसाठी सर्वांत टिकाऊ ठरते ती हरळी, म्हणजे गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा (सायनोडॉन डॅक्टिलॉन). ती जमिनीवरून धावणाऱ्या आणि जमिनीखालून पसरणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या खोडांनी पसरते, तुडवलेली सोसते, उन्हात रंगते, पण सावलीत विरळ होते. ती २ ते ४ सेंमी. उंचीवर चांगली दिसते. रोपवाटिकांत ‘मेक्सिकन’ किंवा ‘कोरियन’ म्हणून मिळणारी गवते बहुधा झॉयसिया प्रजातीची असतात. ती सावकाश वाढतात म्हणून कापणी कमी लागते, मात्र त्यांची पाती चिवट असल्याने यंत्राची धार लवकर बोथटते. झाडांच्या सावलीत रुंद पानांचे सेंट ऑगस्टीन तग धरते. ते ५ ते ७ सेंमी. उंच ठेवावे लागते. इतकी उंची हाताने ढकलायच्या बऱ्याच यंत्रांना साधत नाही, हे खरेदीपूर्वी पाहावे. उन्हाळ्यात कोणतेही गवत नेहमीपेक्षा थोडे उंच ठेवल्यास माती झाकलेली राहते आणि पाणी कमी लागते.

इतिहास : यंत्र येण्याआधी युरोपातली हिरवळ लांब दांड्याच्या विळ्याने कापत. दवाने ओले गवत पात्याला चांगले सापडते, म्हणून हे काम पहाटे चाले. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात स्ट्राउडजवळ थ्रप येथे राहणारा एडविन बडिंग हा यंत्रज्ञ कापड गिरण्यांची कामे करी. लोकरी कापडावर वर आलेले तंतू छाटून पृष्ठभाग गुळगुळीत करणारे, फिरत्या दंडगोलावर पाती बसवलेले यंत्र त्या गिरण्यांत होते. तीच रचना जमिनीवरून चालवून गवत कापण्याची युक्ती त्याने काढली आणि १८३० मध्ये तिचे पेटंट घेतले. जॉन फेराबी याने भांडवल पुरवले. इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने १८३२ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळवला. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालय हे या यंत्राच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी एक.

पुढची पन्नास-साठ वर्षे प्रश्न होता तो ओढण्याचा. स्कॉटलंडमधील आर्ब्रोथच्या अलेक्झांडर शँक्स याने १८४० नंतरच्या दशकात तट्टाने ओढायचे यंत्र आणले. हिरवळीत खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून जनावराच्या पायांत चामड्याचे बूट चढवत. लीड्सच्या टॉमस ग्रीनने १८५९ मध्ये दातेरी चक्रांऐवजी साखळी वापरून खडखडाट कमी केला. १८९३ मध्ये लँकशरच्या जेम्स सम्नरने वाफेवर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, पण ते जड आणि तापायला वेळ घेणारे होते. १९०२ मध्ये रॅन्सम्सने पेट्रोल इंजिनाचे यंत्र बाजारात आणले आणि वाफ मागे पडली. आडव्या पात्याचे हलके, स्वस्त यंत्र सामान्य घरांपर्यंत पोचवण्यात ऑस्ट्रेलियाचा वाटा मोठा आहे. सिडनीत मर्विन व्हिक्टर रिचर्डसन याने १९५२ मध्ये घराच्या गॅरेजमध्ये ‘व्हिक्टा’चा पहिला नमुना बनवला. त्याला पेट्रोलची टाकी म्हणून पीच फळांचा रिकामा डबा लावला होता. स्वीडनच्या हुस्कवार्ना कंपनीचे सौर ऊर्जेवरील स्वयंचलित यंत्र १९९५ चे.

कापण्याच्या दोन रीती : बडिंगच्या दंडगोली यंत्रात (‘रील’ किंवा ‘सिलिंडर’) पाच ते सात वक्र पाती फिरतात आणि खालच्या स्थिर पात्याला घासून जातात. गवत दोन पात्यांमध्ये कात्रीसारखे कापले जाते. काप स्वच्छ येतो, टोके करपत नाहीत. क्रिकेटच्या मैदानांवर आणि गोल्फच्या हिरवळीवर हेच यंत्र चालते. तिथे दिसणारे गडद-फिकट पट्टे म्हणजे रंगाचा फरक नसतो. मागच्या रुळाने पाती एकदा पुढे, एकदा मागे कलतात आणि प्रकाश वेगळा परावर्तित होतो. दंडगोली यंत्राला खडा सोसत नाही, आणि १० सेंमी. वाढलेल्या गवतापुढे ते हात टेकते.

आडव्या पात्याच्या यंत्रात (‘रोटरी’) एकच पाते जमिनीला समांतर भिरभिरते आणि निव्वळ वेगाच्या फटकाऱ्याने गवत तोडते. ४५ सेंमी. लांबीचे पाते मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याचे टोक ताशी सुमारे २५० किमी. वेगाने जाते. उंच, ओबडधोबड गवत त्याला चालते. पण धार गेली की ते गवत कापत नाही, फाडते. दोन दिवसांत सगळ्या हिरवळीवर भुरकट झाक येते आणि फाटक्या टोकांतून बुरशीला वाट मिळते. अनेकदा माळ्यावर किंवा खतावर ज्याचे खापर फुटते, तो दोष बोथट पात्याचा असतो.

निवड : महाराष्ट्रातल्या घरगुती हिरवळी बहुधा एक-दोन गुंठ्यांच्या आतबाहेर असतात. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौ. मी. ३५ सेंमी. रुंदीचे हाताने ढकलायचे यंत्र ताशी ३ किमी. चालीने, वळणे आणि पट्ट्यांची पुनरावृत्ती धरूनही, गुंठाभर हिरवळ दहा-पंधरा मिनिटांत कापते. त्याला पेट्रोल लागत नाही, आवाज होत नाही, धूर येत नाही. सपाट, खडे वेचलेल्या, दर आठ-दहा दिवसांनी कापल्या जाणाऱ्या हरळीसाठी याहून चांगले साधन नाही. पावसाळ्यात आठवडा चुकणार असेल, जमीन उंचसखल असेल किंवा क्षेत्र चार-पाच गुंठ्यांच्या पुढे असेल, तर आडव्या पात्याचे यंत्र घ्यावे.

विजेच्या तारेवर चालणारे यंत्र स्वस्त पडते, पण तार पात्याखाली येण्याचा धोका कायम राहतो. ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा ईएलसीबी जोडणीवर असल्याशिवाय ते वापरू नये आणि ओल्या गवतावर मुळीच नको. लिथियम बॅटरीची यंत्रे शहरी आवारांसाठी सोयीची आहेत. बॅटरी पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये ठेवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. पेट्रोल यंत्रांच्या प्रदूषणाची दखल आता कायद्यानेही घेतली आहे : कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये कायदा करून बागकामाच्या नव्या पेट्रोल यंत्रांची विक्री २०२४ पासून बंद करण्याचे ठरवले. तिथल्या हवा मंडळाच्या हिशेबाने पाने उडवणारा पेट्रोल ब्लोअर तासभर चालवणे म्हणजे धुरके निर्माण करणाऱ्या प्रदूषणात मोटारगाडी १,१०० मैल चालवण्यासारखे आहे. आपल्याकडच्या संकुलांनी हे यंत्र विकत घेण्याचे कारण नाही. पाने गोळा करायला बांबूचा खराटा पुरेसा आहे.

ब्रश कटर : कोकणात या यंत्राने कामाची रीतच बदलली. पाऊस ओसरल्यावर आंबा-काजूच्या बागांत कमरेएवढे गवत माजते. त्याची बेणणी पूर्वी कोयत्या-विळ्याने अनेक माणसे लावून होई. आता खांद्याला पट्ट्याने अडकवलेले यंत्र घेऊन एक माणूस ते काम करतो. उन्हाळ्यापूर्वी बागेभोवती गवतविरहित पट्टा राखून वणवा अडवण्यासाठीही ते कामी येते, मात्र वाळल्या गवतावर तापलेले यंत्र टेकवले तर वणवा त्यानेच लागतो.

कुंपण, पायऱ्या आणि झाडांच्या आळ्याजवळ नायलॉनची तार वापरावी. जाड खोडाच्या झुडपांना तीन दातांचे लोखंडी पाते. कोवळ्या कलमाच्या बुंध्याला नायलॉनची तारही साल सोलून काढते आणि झाड वाळते, म्हणून बुंध्याभोवतीचे गवत खुरप्यानेच काढावे. बहुतेक यंत्रांचे पाते वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. त्यामुळे उजवीकडून डावीकडे झोत मारावा. पात्याचा समोरचा उजवा भाग खोडावर किंवा जांभ्यावर आपटला तर यंत्र जोराने उसळते.

दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच टू-टी तेल मिसळावे लागते. प्रमाण ५०:१ असेल तर लिटरला २० मिलि., २५:१ असेल तर ४० मिलि. अंदाजाने ओतू नये : तेल कमी पडले तर पिस्टन अडकतो, जास्त झाले तर प्लग काजळतो. चार-स्ट्रोक यंत्रात तेलाची जागा वेगळी असते आणि तिथे मिश्रण घालणे ही महागडी चूक ठरते. आजच्या पेट्रोलमधील इथेनॉल हवेतली ओल शोषते. पावसाळी हवेत महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल ठेवले की कार्ब्युरेटर गंजतो. यंत्र ठेवून देताना टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे.

धार आणि देखभाल : दंडगोली यंत्राची परीक्षा वर्तमानपत्राच्या पट्टीने घेता येते. यंत्र उलटे करून दोन पात्यांमध्ये कागद धरावा आणि दंडगोल हाताऐवजी काठीने फिरवावा. कागद सर्वत्र सुबक कापला गेला तर पाते जुळलेले आहे. दुमडला तर खालचे पाते किंचित वर घ्यावे. आडवे पाते उतरवण्याआधी स्पार्क प्लगची तार काढावीच. यंत्र कलंडताना एअर फिल्टरची बाजू वर राहू द्यावी. कानशीने मूळ कोनातच धार काढावी आणि पाते मधल्या भोकातून खिळ्यावर टांगून दोन्ही बाजू समतोल आहेत का, ते पाहावे. एक बाजू जड राहिली तर हादऱ्यांनी इंजिनाचा दांडा खराब होतो.

काळ्या जमिनीत वापसा आल्याशिवाय यंत्र किंवा रूळ घालू नये. चिखलात चाके रुततात आणि माती दाबली गेल्यावर मुळांना हवा मिळत नाही. नियमित कापलेल्या गवताची बारीक टोके तिथेच पडू द्यावीत : त्यांच्या कोरड्या वजनात सुमारे ४ टक्के नत्र असते, ते जमिनीला परत मिळते. लांब गवताचे ढीग मात्र दाताळ्याने ओढून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावेत. विळा, कोयता आणि खुरपे कामानंतर पुसून, तेलाचे बोट फिरवून ठेवले तर वर्षानुवर्षे टिकतात.

सुरक्षितता : फिरत्या पात्याखालचा खडा गोळीसारखा सुटतो. कापणीआधी खडे, तारा आणि नारळाच्या करवंट्या वेचाव्यात, आणि लहान मुले व जनावरे लांब ठेवावीत. अमेरिकेत १९८२ पासून मागून चालवायच्या यंत्राचा दांडा सोडताच पाते ३ सेकंदांत थांबलेच पाहिजे, असा नियम आहे. खरेदी करताना अशी सोय मागून घ्यावी. आवाजाचा धोका हळूहळू कळतो. अमेरिकेतील निऑश या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या मोजमापाने ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत चालतो, पण ९४ डेसिबलला ही मुदत एका तासावर येते. पेट्रोल ब्रश कटरचा आवाज बहुधा याहून जास्त असतो आणि रोजंदारीवरचा माणूस तो दिवसभर कानाशी घेऊन फिरतो. पावसाळी गवतात घोणस आणि फुरसे असतात, हे कोकणात वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे हे काम बहुतेक ठिकाणी चपला घालून, उघड्या डोळ्यांनी केले जाते, आणि दुखापत झाली तर तिचा खर्च त्या माणसाच्याच पदरात पडतो. यंत्र विकत घेणाऱ्या किंवा कंत्राट देणाऱ्या प्रत्येक संकुलाने, शाळेने आणि बागायतदाराने गुडघ्यापर्यंतचे बूट, चेहऱ्यावरची जाळी, चष्मा, कानावरची बंदिस्ती आणि जाड हातमोजे यंत्राच्या किमतीतच धरावेत आणि ते चालवणाऱ्याच्या हाती स्वतः द्यावेत.