घेवड्याच्या वाणनिवडीत शेतकरी स्त्रियांचा सहभाग : रवांडातील प्रयोग (१९८८-१९९३)

प्रस्तावना :
हरितक्रांतीनंतरच्या काळात संशोधन केंद्रांनी सुधारित वाण निर्माण करावेत व शेतकऱ्यांनी ते स्वीकारावेत, अशी कृषिसंशोधनाची सर्वसाधारण रीत होती. सिंचित गहू व भात यांच्या बाबतीत ती बव्हंशी यशस्वी ठरली. परंतु कोरडवाहू व डोंगराळ प्रदेशांतील कडधान्यांच्या बाबतीत तिच्या मर्यादा उघड झाल्या. या दृष्टीने रवांडा या आफ्रिकी देशातील घेवड्याचा प्रयोग अभ्यसनीय आहे.

पार्श्वभूमी :
घेवडा (राजमा) हा रवांडातील सामान्य जनतेच्या आहारातील प्रथिनांचा प्रमुख स्रोत होय. त्याची लागवड व बियाण्याची जपणूक मुख्यतः स्त्रिया करतात. त्या एकच वाण न पेरता अनेक वाणांचे मिश्रण पेरतात आणि जमिनीचा कस, हंगाम व केळीच्या बागेतील सावली पाहून हे मिश्रण बदलतात. याउलट राष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेत (इसार) सुमारे २०० वाणांपासून सुरू होणारी चाचणी अनेक हंगाम चाले आणि अखेरीस मोजकेच वाण शेतकऱ्यांच्या शेतावर येत. म्हणजे निवड होऊन गेल्यावरच शेतकऱ्यांचे मत विचारले जाई.

प्रयोगाचे स्वरूप व फलित :
१९८८ मध्ये इसार आणि कोलंबियातील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी केंद्र (सियाट) यांनी हा क्रम बदलला. मानववंशशास्त्रज्ञ लुईस स्परलिंग यांचा यात पुढाकार होता. गावोगावी जाणकार म्हणून मान्यता असलेल्या स्त्रियांना संशोधन प्रक्षेत्रावर बोलावून उभ्या पिकातून वाण निवडण्यास सांगण्यात आले. प्रारंभी सुमारे १५ वाण त्यांच्यापुढे होते. पुढील टप्प्यात ही संख्या ८० पर्यंत गेली व प्रतिनिधी निवडण्याचे काम गावांकडे सोपविण्यात आले.

स्परलिंग व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, स्त्रियांनी निवडलेले वाण ६४ ते ८९ टक्के चाचण्यांत स्थानिक मिश्रणांपेक्षा सरस ठरले व उत्पादनवाढ ३८ टक्क्यांपर्यंत गेली. पैदासकारांच्या निवडीबाबत सरसतेचे हेच प्रमाण कमी होते. अवघ्या दोन वर्षांत २१ वाण शेतकऱ्यांनी स्वीकारले; संस्थेने त्यापूर्वीच्या २५ वर्षांत प्रसारित केलेल्या वाणांची संख्याही तेवढीच होती.

मीमांसा :
पैदासकारांची दृष्टी प्रामुख्याने सरासरी उत्पादनावर होती. स्त्रिया मात्र तेच रोप आपल्या शेतात, केळीखाली वा हलक्या जमिनीत कसे वाढेल याचा अंदाज घेत होत्या. तथापि यावरून शास्त्रज्ञांची भूमिका गौण ठरत नाही. निवडीसाठी विविध वाण उपलब्ध करून देणे हे त्यांचेच कार्य होते. शिवाय अनेक वाणांचे बियाणे थोड्याथोड्या प्रमाणात पुरविणे हा प्रश्न केंद्रीभूत बियाणे व्यवस्थेपुढे उभा राहिलाच. १९९४ च्या वंशसंहाराने देशाची संशोधन व्यवस्थाच मोडून पडली.

भारतातही गुजरात, राजस्थान व मध्य प्रदेश यांच्या सीमाभागातील आदिवासी क्षेत्रात १९९० च्या दशकात कृभको प्रकल्पातून ए. जोशी व जे. आर. विटकोम्ब यांनी भात, हरभरा आदी पिकांत सहभागी वाणनिवड केली. अन्यत्र प्रसारित झालेले, परंतु त्या भागासाठी शिफारस नसलेले काही वाण तेथील शेतकऱ्यांनी पसंत केले.

निष्कर्ष :
शेतकऱ्याने वाण नाकारणे म्हणजे त्याचे अज्ञान, हे गृहीतक या प्रयोगांनी खोटे ठरविले. शेतकऱ्याचा सहभाग किती यापेक्षा तो कोणत्या टप्प्यावर घेतला जातो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. निर्णय झाल्यानंतरचा सहभाग हा केवळ संमतीचा उपचार ठरतो.