टर्बो नुसती हवा देतो, बाकीचं आपल्याला द्यावं लागतं



ऊस वाहतुकीचा हंगाम जवळ आला की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "भाऊ, जुन्या ट्रॅक्टरला टर्बो बसवू का? ओढ वाढते म्हणतात." मी हा उद्योग करून हात पोळून घेतलेत. म्हणून आधी थोडा इतिहास सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

माझी बहीण मुलुंडला असते. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. मुलुंड-घाटकोपरवरून कोकणात जाणाऱ्या गाड्यांना वर्षानुवर्षं डिझेल इंजिन असायचं. लोकलची वाट बघत उभं राहिलं की दिसायचं: इंजिन जोर घेताना आधी काळा धूर, मग शिट्टीसारखा आवाज चढायचा आणि धूर फिका पडायचा. ती शिट्टी टर्बोची. डिझेल लगेच वाढतं, पण टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढा वेळ डिझेल जास्त, हवा कमी. म्हणून धूर.

ही युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरची. त्याने १९०५ साली पेटंट घेतलं. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात घालायची. कागदावर सोपं, पण जमायला वीस वर्षं गेली. १९२० च्या दशकात दोन जर्मन जहाजांची इंजिनं त्याने १७५० वरून २५०० एचपीवर नेली, तेव्हा जगाने मानलं.

आता आपल्या रेल्वेचं बघा. डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन १९६२ ला अमेरिकेच्या आल्को कंपनीकडून आलं, १९६४ पासून वाराणसीत बनू लागलं. १६ सिलेंडर, २६०० एचपी, टर्बो पहिल्यापासून होताच. १९९४ ला त्याच १६ सिलेंडरमधून ३१०० एचपी काढले. ते इंजिन पुढे डब्ल्यूडीएम-३ए म्हणून ओळखलं गेलं. बरीच जुनी इंजिनंही नंतर तशी करून घेतली.

मोठा टर्बो लावला आणि झालं, असं नव्हतं. दाबलेली हवा तापते, तापली की विरळ होते, म्हणून ती गार करणारा आफ्टरकूलर मोठा केला. डिझेल पंपाचा प्लंजर १५ मिलिमीटरचा १७ केला. पिस्टनला पोलादी टोपी दिली. कॅमशाफ्ट बदलला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम जास्त वेळ उघडे राहून ताजी हवा धूर बाहेर ढकलेल. एवढं केल्यावर वाढ किती? सुमारे १९ टक्के.

आणि आपण काय करतो? आपल्या ट्रॅक्टरचा इतिहासही मुंबईच्या उपनगरातलाच. १९६३ साली महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली, कारखाना कांदिवलीला. तिथला बी-२७५ आपल्या वडीलधाऱ्यांनी चालवला. ३५ एचपी, ४ सिलेंडर, टर्बो नाही. पिस्टन, रेडिएटर, क्लच, गिअर सगळं तेवढ्याच ताकदीला मापलेलं.

माझा ट्रॅक्टर कुठला ते सोडा, चूक माझीच. जुना टर्बो आणला, पंपाचा स्क्रू फिरवला. पहिला महिना दोन ट्रॉल्या अशा ओढल्या की चार लोक बघायला आले. चढाला धूर काळाच होता, मला वाटलं तो ताकदीचा धूर. हंगाम सरायच्या आधी हेड गॅस्केट गेली, उघडलं तर एक पिस्टन वरून वितळलेला. ऊसाच्या भाड्यात जे कमावलं ते इंजिनात गेलं, वर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने घ्यावा लागला.

तरी बसवायचाच असेल तर क्रम असा ठेवा. आधी इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासा, थकलेल्या इंजिनाला टर्बो नको. पंप आणि नोझल बेंचवर लावूनच सेट करा, कानाने नको. टर्बो इंजिनाच्या मापाचा घ्या. फार मोठा घेतला तर तो उशिरा फिरतो आणि धूर वाढतो. एअर फिल्टर मोठा, रेडिएटर साफ, जमलं तर इंटरकूलर. धुराची उष्णता दाखवणारं मीटर लावाच. टर्बोला जाणारं ऑईल स्वच्छ हवं, परतीची नळी सरळ खाली उतरती हवी. आणि काम संपल्यावर दोन-तीन मिनिटं हळू चालू ठेवून मगच बंद करा. एकदम बंद केलं तर तापलेल्या बेअरिंगमधलं ऑईल जळतं.

एवढा खर्च मांडून बघा. कित्येकदा त्यापेक्षा दोनाची एक ट्रॉली करून दोन खेपा मारणं स्वस्त पडतं. काळा धूर म्हणजे ताकद नाही, मंडळी. तो आपल्या खिशातला न जळलेला पैसा आहे.